कापडाच्या ताग्यात खनिज तेल

सांगलीच्या कापड पेठेत बसून आखातातल्या तेलाशी आमचा काय संबंध, असा सवाल व्यापारी बंधू नेहमी करतात. संबंध आहे, आणि थेट गल्ल्याशी आहे.

खनिज तेल शुद्ध करताना नाफ्था निघतो. त्याच्यापासून पॅराझायलीन, पुढे पीटीए; दुसरीकडे इथिलीनपासून एमईजी. या दोहोंच्या संयोगाने पॉलिएस्टर बनते. टेरिकॉटचे शर्टिंग, साडी, ओढणी, शिलाईचा दोरा, सगळ्यांत तेच. शिवाय विट्याच्या यंत्रमागावर सूत आणणारा आणि तयार माल कराड-साताऱ्यास नेणारा ट्रक डिझेलवर चालतो. एका ताग्यात तेलाचा भाव असा दोनदा शिरतो.

तेलाचे माप म्हणजे पीप, सुमारे १५९ लिटरचे. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. इराक, सौदी अरब, अमिरात हे जुने विक्रेते. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर युरोपने पाठ फिरवली, तेव्हा रशियाने सवलतीत माल काढला आणि जेमतेम दोन टक्क्यांचा त्याचा वाटा २०२३ मध्ये एकतृतीयांशावर गेला. मोठे गिऱ्हाईक तुटले की दुकानदार दुसऱ्यास भाव पाडून देतो, तसेच हे.

पण नुसता तेलाचा भाव पाहून भागत नाही, डॉलरही पाहावा लागतो. जुलै २००८ मध्ये डॉलर सुमारे ४३ रुपये होता. ८० डॉलरचे पीप त्या दराने ३,४४० रुपयांना पडते. ८३ च्या दराने तेच ६,६४० रुपयांना.

हा हिशेब आम्ही नुकसान सोसून शिकलो. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरवर गेले. दोनशेवर जाणार, अशी बाजारात हवा होती. आम्ही ईद, दिवाळी आणि लग्नसराई असा तिन्ही हंगामांचा टेरिकॉट एकदम उचलला, तोही उधारीवर. डिसेंबरात तेल चाळीस डॉलरच्या खाली आले. शेजारी नवा माल स्वस्तात विकू लागला, आमचे तागे फळीवर राहिले आणि देणेकरी दारात. भाव चढण्याच्या आशेने माल दाबून ठेवणे आपल्या दीनने नापसंत केले आहे, हे मदरशात शिकलो होतो. दुकानात विसरलो.

तेलाची तेजी-मंदी सुतात उतरायला काही आठवडे लागतात, कारण मध्ये कारखान्यांचा जुना साठा असतो. तेल घसरत असेल तर गिरणीच्या दलालाने कितीही घाई केली तरी थोडाच माल उचलावा. चढत असेल तरी हंगामापुरताच. सुती मालाचे गणित वेगळे. तिथे कापसाचे पीक आधी, पण पॉलिएस्टर महागले की गिऱ्हाईक सुतीकडे वळते आणि त्याचाही भाव हलतो.

आम्ही आता सहा आठवड्यांच्या विक्रीइतकाच टेरिकॉट ठेवतो. खरेदीच्या वहीत बिलाशेजारी त्या दिवशीचा तेलाचा आणि डॉलरचा भाव पेन्सिलीने लिहितो.