फोनवरचा चोर

पूर्वी चोर रात्री भिंत फोडून येई. आता तो भरदिवसा फोनवरून येतो.

फोन वाजतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो. "मी बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद पडणार. एक ॲप पाठवतो, ते घ्या. मी इथूनच सारं नीट करतो."

आपण घाबरतो. ॲप घेतो. मग आपल्या फोनवर जे दिसते, ते सारे त्याला तिथे दिसू लागते. बँकेकडून आलेला ओटीपीही तो वाचतो. कांदा विकून आलेले पैसे घडीभरात जातात.

हा चोर ओळखायचा कसा? तो भीती घालतो. घाई करतो. "कुणाला सांगू नका" म्हणतो. आणि पिन किंवा ओटीपी विचारतो. खरी बँक ते कधीच विचारत नाही.

असा फोन आला तर आपण तो ठेवून द्यावा. त्यात उद्धटपणा नाही. शंका वाटली तर पासबुक घेऊन बँकेत जावे. इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधू नये. तिथे चोरांनीही आपले नंबर टाकलेले असतात.

आणि पैसे गेलेच तर? लाजून घरात बसू नये. तेच चोराला हवे असते. चोर ते पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवत असतो. लगेच कळवले, तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. म्हणून ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर फोन करावा. बँकेलाही कळवावे.

चला, १९३० हा नंबर आजच घरच्या भिंतीवर मोठा करून लिहू. आपण लिहायला शिकलो, ते अशाच कामासाठी.