पतसंस्थेच्या सर्व्हरला गेमिंग मदरबोर्ड चालेल का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस सर्व्हर बदलायचा आहे. पुरवठादाराने दोन कोटेशनं दिली आहेत. एकात नवाकोरा गेमिंग मदरबोर्ड आहे, दुसऱ्यात साधा दिसणारा पण बराच महाग सर्व्हर बोर्ड. प्रोसेसरचा वेग जवळपास सारखाच. मग जादा पैसे नेमके कशाचे?
– एक संचालक

उत्तर : वेगासाठी ते पैसे नाहीत. बिघाड तर दोन्ही बोर्डांत होतो. पण सर्व्हर बोर्ड बिघाड झाल्याचं वेळेवर सांगतो आणि गेमिंगचा बोर्ड बहुतेकदा गप्प बसतो. गेममध्ये एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसला तर कुणाचं काही जात नाही. खातेदाराच्या शिलकेचं तसं नाही.

समजा, एका खात्यात 25,000 रुपये आहेत आणि तो आकडा मेमरीत आहे. त्यातला एकच बिट, खालून एकविसावा, शून्याचा एक झाला. आता शिल्लक 10,73,576 रुपये! सर्व्हर बंद पडत नाही, पडद्यावर सूचना येत नाही. पोस्टग्रेससारखे डेटाबेस डिस्कवर लिहिताना प्रत्येक पानाचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढू शकतात, पण आकडा त्याआधीच मेमरीत बिघडला असेल तर चेकसम त्या चुकीच्या आकड्याचाच निघतो. रात्रीच्या बॅकअपमध्येही तोच जातो.

यावरचा उपाय म्हणजे ईसीसी मेमरी. तिच्या नेहमीच्या रचनेत दर 64 बिटांमागे 8 तपासणीचे बिट असतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन उलटले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक पकडली जाते. असं क्वचितच होत असेल, असं वाटेल. गूगलच्या सर्व्हरांचा एक मोठा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये आणि 8 टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये अशा दुरुस्त करता येण्याजोग्या चुका नोंदल्या गेल्या होत्या. मॉड्यूल जुनं होत जाईल तशा चुका वाढतात, हेही त्यात दिसलं.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, ‘डीडीआर5 मध्ये ईसीसी असतंच’ हे दुकानातलं वाक्य. ती सोय चिपच्या आतली असते; चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचं संरक्षण नसतं आणि तिने केलेल्या दुरुस्त्यांची नोंद ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत येत नाही. दुसरी, काही साध्या बोर्डांवर ईसीसी मेमरी बसते, मशीन सुरूही होतं, पण दुरुस्तीचं काम चालूच नसतं. प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी या तिघांचाही ईसीसीला पाठिंबा लागतो. म्हणून बोर्डाच्या कंपनीची मान्य मेमरीची यादी पाहा. सर्व्हर हातात आल्यावर लिनक्सवर डीएमआयडीकोड चालवा. ‘एरर करेक्शन टाइप’ समोर ‘नन’ दिसलं तर माल परत करा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट बीएमसी. बोर्डावरचा हा एक छोटा स्वतंत्र संगणकच. सर्व्हर बंद असला तरी वीज जोडलेली असेपर्यंत तो जागा असतो. तापमान, पंख्यांचा वेग, व्होल्टेज आणि मेमरीतल्या चुका तो तारीखवार नोंदवतो. पंखा अडकला तर ई-मेल पाठवता येतो. रविवारी सर्व्हर अडकला तर तंत्रज्ञ घरून त्याचा पडदा पाहून तो पुन्हा सुरू करू शकतो. मात्र बीएमसी थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका आणि मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

बाकीचं थोडक्यात. बोर्डाच्या बायोसमधलं फुकटचं रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायची सोय, वापरू नका. बोर्ड जळाला तर डिस्क वाचायला तसाच बोर्ड शोधत फिरावं लागू शकतं. लिनक्सच्या एमडीएडीएमने जोडलेल्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडतात. एसएसडी वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करणारी, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शनवालीच घ्या. ती उणीव बोर्ड भरून काढू शकत नाही. आणि सर्व्हर कोंदट कपाटात ठेवू नका. तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे.

‘नवाकोरा’ या शब्दालाही भुलू नका. 31 जानेवारी 2011 रोजी इंटेलने आपल्या 6 सिरीज चिपसेटची रवानगी थांबवली, तेव्हा तो बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यावरचे चार साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, काळानुसार कमजोर पडत जाण्याची शक्यता होती. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने 70 कोटी डॉलर धरला. वर्षभर वापरात असलेला, चार बायोस अपडेट झालेला बोर्ड अशा वेळी बरा.

बजेट फारच तंग असेल तर मधला मार्गही आहे. इंटेलच्या डब्ल्यू680 चिपसेटच्या बोर्डांवर बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या अनेक कोअर प्रोसेसरांसोबत ईसीसी चालतं. त्यातही काही बोर्डांवर बीएमसी मिळतो. एवढंच पाहा, की यांना अनबफर्ड मेमरी लागते; मोठ्या सर्व्हरांची रजिस्टर्ड मेमरी इथे चालत नाही.

तेव्हा पुरवठादाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या : ईसीसी चालू अवस्थेत दाखवणार, बीएमसी देणार, आणि पाच वर्षं तोच बोर्ड बदली म्हणून मिळणार. तिन्हींना होकार मिळाला तर महाग कोटेशन मंजूर करा. गेमिंगचा बोर्ड हिशेबाला घेऊ नका.