संगणकातील फाईल सापडत नाही तेव्हा

शेतीच्या नोंदी आता वहीतून घरच्या संगणकात आल्या आहेत. माती परीक्षणाचा अहवाल, फवारणीची नोंद, ऊसबिले, सात-बारा उतारे, पीक विम्याच्या पावत्या असे सर्व काही त्यात साठवले जाते. सवय चांगली आहे. परंतु ऐनवेळी नोंद हाती आली नाही, तर ती ठेवल्याचा उपयोग काय? शोधपेटीत शब्द टंकावा आणि संगणकाने 'काही आढळले नाही' म्हणावे, असा अनुभव अनेकांना आला असेल.

माझ्या थोरल्या बंधूंची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये माल तोडणीस आला असता निर्यातदाराच्या प्रतिनिधीने फवारणीची पूर्ण नोंद मागितली. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश आढळल्यामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली होती, हे आपणास आठवत असेल. त्या धक्क्यानंतर कोणते औषध, किती मात्रेत, तोडणीपूर्वी किती दिवस आधी फवारले, हे अधिकच काटेकोरपणे पाहिले जाते. बंधूंनी शोधपेटीत 'फवारणी' टंकले, काही आले नाही. 'द्राक्ष' टंकले, तरी नाही. फाईल गेली असे समजून त्यांनी औषधांच्या पावत्या पुढे घेतल्या आणि आठवणीने नवी नोंद लिहिण्यास सुरुवात केली. पुतण्या संगणक 'फॉरमॅट' करून आणण्यासाठी निघाला होता. मला दूरध्वनी आला तो या टप्प्यावर.

फाईल संगणकातच होती. पुढे मूळ नोंदीशी ताडून पाहिले, तेव्हा आठवणीने लिहिलेल्या नोंदीत दोन फवारण्यांच्या तारखा चुकलेल्या निघाल्या. ती नोंद तशीच दिली गेली असती आणि प्रयोगशाळेच्या अहवालात वेगळेच काही आले असते, तर बंधूंच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणून पहिली सूचना अशी की, फाईल शोधून सापडली नाही एवढ्यावरून ती नाहीशी झाली असे समजू नये आणि संगणक फॉरमॅट तर मुळीच करू नये. त्याने जे आहे तेही जाईल.

संगणक शोधतो कसा?

आपण शब्द टंकला की संगणक सर्व फाईली उघडून वाचत असेल, अशी आपली समजूत असते. तसे नाही. विंडोज प्रणाली फावल्या वेळात फाईलींची नावे व त्यांतील शब्द यांची एक सूची करून ठेवते. तिला 'इंडेक्स' म्हणतात. शोध घेतला जातो तो मुख्यतः या सूचीत. गावात एखाद्याची जमीन कोठे आहे हे पाहण्यासाठी तलाठी शिवार फिरत नाही, दप्तर उघडतो. दप्तरात नाव चढलेले नसेल तर जमीन नाही असे होत नाही, फक्त सापडत नाही. आपल्या फाईलीचेही तसेच आहे.

प्रथम घाईची गरज भागवावी. फाईल ज्या प्रोग्रॅममध्ये केली, तो वर्ड किंवा एक्सेल उघडून 'ओपन' खाली 'रिसेंट' ही यादी पाहावी. अलीकडे वापरलेली फाईल तेथे बहुधा मिळते. तेथे नसेल तर संशयित फोल्डर उघडून 'व्ह्यू' मधून 'डिटेल्स' निवडावे आणि 'डेट मॉडिफाइड' या मथळ्यावर क्लिक करावे. फाईली तारखेप्रमाणे लागतात. कोणत्या महिन्यात काम केले हे शेतकऱ्याला पक्के आठवते, त्यामुळे हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

सूचीत जागा आहे का?

सूची मुळातून तपासायची झाल्यास 'स्टार्ट' मध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' असे इंग्रजीत टंकून ती खिडकी उघडावी. कोणकोणत्या जागांची सूची होते, हे तेथे दिसते. सामान्यतः सी ड्राइव्हवरील वापरकर्त्याचे फोल्डर, म्हणजे 'डॉक्युमेंट्स', 'डेस्कटॉप', 'डाउनलोड्स' इत्यादी, एवढेच त्यात असते. डी ड्राइव्ह नसतो. आपल्याकडे तर 'महत्त्वाचे काम डी मध्ये ठेवा' असेच दुकानदार सांगतात! अशा ठिकाणी संगणक फाईलीचे नाव पाहतो, आतला मजकूर मात्र पाहत नाही. बंधूंची फाईल डी ड्राइव्हवर 'नवीन २' या नावाने होती. 'फवारणी' हा शब्द नावात नव्हता, आत होता.

उपाय सोपा आहे. त्याच खिडकीत 'मॉडिफाय' वर क्लिक करून डी ड्राइव्हवरील शेतीच्या फोल्डरपुढे खूण करावी. पूर्ण ड्राइव्ह घेऊ नये, सूची विनाकारण फुगते. एखाद्याच वेळी गरज असेल तर फोल्डर ऑप्शन्समधील 'सर्च' या भागात फाईलींची नावे व मजकूर दोन्ही नेहमी शोधावेत, या अर्थाच्या ओळीपुढे खूण करावी. शोधास वेळ लागतो, पण आतला मजकूरही पाहिला जातो.

जागा सूचीत असूनही फाईली कधी सापडतात, कधी नाहीत, असे होत असेल तर सूची अर्धवट राहिली असण्याचा संभव असतो. खिडकीच्या वरच्या ओळीत 'इंडेक्सिंग कम्प्लीट' असे आले आहे का, ते पाहावे. लॅपटॉप बॅटरीवर चालू असता किंवा आपण काम करीत असता सूचीचे काम मंदावते. भारनियमनाच्या भागात दिवसा तासभरच संगणक लावणाऱ्यांची सूची मागे पडली तर नवल नाही. 'विंडोज सर्च' ही सेवा बंद केलेली असेल तर सूची होतच नाही. संगणक वेगाने चालावा म्हणून काही दुरुस्ती करणारे ती बंद करून ठेवतात. 'सर्व्हिसेस' च्या यादीत ती 'ऑटोमॅटिक' व चालू स्थितीत असावी.

इतके पाहूनही गुण आला नाही, तरच 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'रिबिल्ड' हे बटण दाबावे. जुनी सूची पुसून नवी तयार होते, आपल्या फाईलींना धक्का लागत नाही. फाईली पुष्कळ असल्यास काही तास लागतात आणि तेवढा वेळ शोध अपुराच राहतो. म्हणून हे काम रात्री चार्जर लावून करावे. पान पिवळे दिसले की कारण न पाहता युरिया टाकणारे असतात, तसे ऊठसूट रिबिल्ड करू नये.

अक्षरांचा घोळ

मराठी नोंदींच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे आणि ती संगणकाच्या दुकानात सहसा कोणी सांगत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो मराठी नसतो. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मका' टंकले, तर आत साठतात ती ई, डी, के ही तीन इंग्रजी अक्षरे. फॉन्ट फक्त त्यांना 'मका' असे रूप देतो. आज आपण शोधपेटीत युनिकोड पद्धतीने 'मका' टंकतो, तेव्हा संगणक खरोखरीची देवनागरी अक्षरे शोधतो. ती त्या फाईलीत नसतातच. पुतण्याने बंधूंची नोंद अशाच फॉन्टमध्ये टंकून घेतली होती. त्यामुळे डी ड्राइव्ह सूचीत घेतल्यावरही 'द्राक्ष' सापडेना.

अशा वेळी त्याच फॉन्टमधील दुसरी एखादी फाईल उघडावी, हवा तो शब्द तिच्यातून 'कॉपी' करून शोधपेटीत 'पेस्ट' करावा. पेटीत निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतील, घाबरू नये. संगणकाला तीच कळतात. साध्या अक्षरांचा शब्द निवडावा, कारण जोडाक्षरांसाठी या फॉन्टमध्ये चिन्हे वापरलेली असतात आणि शोधात ती गळतात.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी मराठीची विभक्ती आडवी येते. शोध शब्दाच्या आरंभापासून जुळवला जातो. 'फवारणी' टंकल्यास 'फवारण्यांची नोंद' सापडणार नाही, 'पाणी' टंकल्यास 'पाण्याच्या पाळ्या' सापडणार नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग, जसे 'फवार' किंवा 'पाण', टंकावा. 'बाग' टंकून 'द्राक्षबाग' हवी असेल तर आधी तारांकन द्यावे. 'शेतकऱ्यांची' यातील ऱ्य हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवले जाऊ शकते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे असे जोडाक्षर असलेला शब्द शोधासाठी घेऊच नये. वर्षांचे आकडेही देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही लिपींत टंकून पाहावेत.

पावतीचे छायाचित्र किंवा स्कॅन केलेला सात-बारा यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर नसतोच, केवळ चित्र असते. तेथे आधार फक्त फाईलीच्या नावाचा. व्हॉट्सॲपवरून संगणकावर उतरवलेल्या छायाचित्राच्या नावात तारीख व वेळ असते, माहिती काहीच नसते. उतरवल्याबरोबर नाव बदलावे. नावात तिरपी रेघ चालत नाही, त्यामुळे सात-बारा कोणी सलग आकड्यांत लिहितो, कोणी मध्ये आडवी रेघ देतो, कोणी इंग्रजी अक्षरांत 'सातबारा' करतो. घरात एकच रीत ठरवावी आणि संगणकाजवळ कागदावर लिहून लावावी. नावाच्या आरंभी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे फाईली नावानुसारही तारखेच्या क्रमानेच लागतात. त्यापुढे गट क्रमांक व पीक.

जुन्या फॉन्टमधील नोंदी युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. ते जरूर वापरावेत, मात्र मूळ फाईल राखून ठेवावी आणि बदललेल्या प्रतीतील आकडे एकेक करून मुळाशी ताडून पाहावेत. कृतिदेवमध्ये टिंबाच्या जागी वेगळीच कळ वापरलेली असते. त्यामुळे फाईलीतील आकडे साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये असल्यास दशांश चिन्हाचे भलतेच अक्षर होऊन बसते. आमच्या नोंदीत '२.५ ग्रॅम प्रति लिटर' येथे नेमके हेच झाले होते. घाईत कोणी ते अक्षर खोडले असते, तर मात्रा २५ ग्रॅम झाली असती.