राउटरवरची हार्ड डिस्क दिसत नाही? आधी बिनखर्चाचे उपाय

राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावली की घरातले फोटो, सिनेमे, मुलांचे प्रोजेक्ट सगळ्यांना वायफायवर मिळतात. ही सोय जवळजवळ फुकटची. पण ती बिघडली की लोक थेट नवी डिस्क किंवा नवा राउटर बघायला लागतात. बऱ्याचदा दोष काहीशे रुपयांच्या अडॅप्टरचा किंवा केबलचा असतो, नाहीतर एखाद्या सेटिंगचा. म्हणून स्वस्त शक्यता आधी तपासायच्या आणि महागड्या शेवटी. पुढचे भाव ढोबळ आहेत. शहर, दुकान आणि कंपनीनुसार फरक पडेल.

पहिली पायरी : दोष कोणाचा? (खर्च शून्य)

डिस्क राउटरवरून काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. तिथेही दिसत नसेल, तर डिस्क किंवा केबल बिघडली आहे. लॅपटॉपवर नीट चालत असेल, तर राउटर, वीजपुरवठा किंवा सेटिंग यांच्याकडे वळा. आता एक साधा पेनड्राइव्ह राउटरला लावून पाहा. पेनड्राइव्ह चालतो पण हार्ड डिस्क चालत नाही, असं झालं तर पहिला संशय विजेवर घ्यावा.

पेनड्राइव्हही दिसत नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी शेअरिंग चालू आहे का ते बघा. ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या राउटरवर पोर्ट असतो, पण ही सुविधा कधीकधी बंद करून ठेवलेली असते. ती चालू करता येईल का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला आधी विचारा. उत्तर नकारार्थी आलं, तर पुढचा कुठलाही खर्च वाया जाईल.

वीज कमी पडते आहे का? (१५० ते २,५०० रुपये)

यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ने ९०० मिलिअँपिअर वीज द्यावी, असं मानक आहे. अडीच इंची डिस्कची तबकडी फिरायला लागताना काही क्षण एक अँपिअरपर्यंत ओढ लागू शकते. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा असेल, तर सगळे मिळून १२ वॉट होतात. त्यातून राउटर, वायफाय आणि डिस्क असे तिघे ओढणार. मग डिस्क टकटक करते, दिवा लुकलुकतो, मोठी फाइल कॉपी करताना ती गायब होते किंवा राउटरच बंद पडून पुन्हा सुरू होतो.

उपाय याच क्रमाने करा :

- केबल बदला : १५० ते ४०० रुपये. आखूड आणि जाड केबल घ्या.
- राउटरचा अडॅप्टर बदला : २०० ते ५०० रुपये. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिनची जाडी आणि अधिक-उणे टोकं जुळायलाच हवीत. जुना अडॅप्टर दुकानात सोबत न्या.
- स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब : १,००० ते २,५०० रुपये. हब घेण्याआधी राउटर हबला साथ देतो का, हे विचारून घ्या.

साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतोच. तिच्या बाबतीत आधी तोच तपासा.

डिस्क दिसते, पण उघडत नाही (खर्च शून्य)

इथे फॉरमॅटचा घोळ असतो. बरेच राउटर एनटीएफएस आणि फॅट३२ वाचतात. एक्सफॅट काहींनाच जमतं आणि मॅकचं एपीएफएस क्वचितच. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे मोठा सिनेमा कॉपी होता होता अडतो. फॉरमॅट बदलला की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून प्रत काढल्याशिवाय ते बटण दाबू नका.

डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, हे मध्येच वीज गेल्याचं लक्षण असू शकतं. डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावा, तिच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्समध्ये जा आणि एरर चेकिंग चालवा. वारंवार वीज जाणाऱ्या भागात राउटरसाठी मिनी यूपीएस १,००० ते २,००० रुपयांत मिळतो. डिस्क धरून लागणारे अँपिअर तो देतो का, ते खोक्यावर वाचून घ्या.

फोनवर दिसते, विंडोजवर नाही (खर्च शून्य)

जुने राउटर एसएमबी १ या पद्धतीने फाइल देतात. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ती मुळात बसवलेलीच नसते, कारण ती असुरक्षित आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डाविना गेस्ट प्रवेशही बंद केला आहे. राउटरचं फर्मवेअर अद्ययावत करा, एसएमबी २ किंवा ३ निवडा आणि नाव-पासवर्ड ठेवा. एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर मानू नका.

डिस्क लावल्यावर वायफायच मंदावत असेल, तर यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत होणारा अडथळा हे एक कारण असू शकतं. फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या, किंवा सोय असल्यास पोर्ट यूएसबी २.० वर ठेवा.

घराबाहेरून फाइल बघता याव्यात म्हणून राउटरची एफटीपी किंवा क्लाउड सोय लगेच चालू करू नका. असुसच्या राउटरांमधल्या त्रुटींमुळे १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या जोडलेल्या डिस्क उघड्या पडल्या होत्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये त्या कंपनीशी समझोता केला, तो याच प्रकरणात.

डिस्कच आजारी असेल तर

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवा. त्यात 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी फाइल उतरवून घ्या. खटखट आवाज येत असेल, तर डिस्क ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यात तबकडीवर ओरखडे पडतात आणि उरलासुरला डेटाही जातो.

फक्त बाहेरची पेटी बिघडली असेल, तर ४०० ते १,००० रुपयांची नवी पेटी पुरते. मात्र अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी जोडणी आतल्या पट्टीवरच असते. त्यांना ही युक्ती लागू पडत नाही, आणि उघडल्यावर वॉरंटीही जाते.

डेटा काढून देणारे काही हजारांपासून सुरुवात करतात. धूळविरहित खोलीत (क्लीन रूम) डिस्क उघडावी लागली, तर आकडा सहज पाच अंकी होतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचं दुकान असो की गावातलं, तीन गोष्टी लेखी घ्या : तपासणीचं शुल्क, डेटा निघाला नाही तर किती द्यायचे, आणि डिस्क उघडण्याआधी तुमची परवानगी. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही.

कुठे थांबायचं?

केबल, अडॅप्टर आणि हब मिळून तीन हजारांच्या आसपास गेलात आणि तरीही जमलं नाही, तर राउटरचा नाद सोडा. घरातल्या जुन्या लॅपटॉपला डिस्क जोडून फोल्डर शेअर करता येतो, तोही फुकट. नेहमीचा वापर आणि घरात माणसं जास्त असतील, तर दोन डिस्कचा नास (नेटवर्कवर फाइल देणारं स्वतंत्र खोकं) आहे. पण रिकाम्या खोक्यालाच साधारण १५ ते ३० हजार पडतात. निव्वळ फोटो जपायचे असतील, तर तीच रक्कम दुसऱ्या डिस्कवर घाला, तिच्यावर प्रत काढा आणि ती वेगळ्या घरी ठेवा.

खरेदीचं बिल सिरियल नंबरसह जपा. वॉरंटीत असूनही दुकानदार किंवा कंपनी टोलवाटोलवी करू लागली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फोन करताना बिल हाताशी असू द्या.