वसुलीवाल्याच्या हाती रोकड नको

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे १ लाख थकलेत. वसुली एजंट लालबागच्या चाळीत येऊन 'निम्मे द्या, मिटवतो' म्हणतो. देऊ का?

उत्तर : त्याच्या हाती रोकड देऊ नका. कर्ज बँकेचे, म्हणून सूट देण्याचा अधिकारही बँकेचाच. तडजोडीचे पत्र बँकेकडून लेखी घ्या आणि पैसे थेट कार्डखात्यात भरा. निम्म्यात सुटका झाली तर बिघडले काय, असे वाटेल. पण सिबिलमध्ये 'सेटल्ड' शेरा पडतो, पुढे गृहकर्ज अडू शकते. म्हणून जमल्यास पूर्ण फेडा. कार्डाचे दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे लाखावर ३,५०० रुपये; त्यापेक्षा पतपेढीचे किंवा सोनेतारण कर्ज सहसा स्वस्त पडते. सकाळी ८ पूर्वी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन रिझर्व्ह बँकेला मान्य नाहीत. बँकेकडे तक्रार करूनही तिने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा.