डोंगा, वारा आणि बीकनची सुई

१९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परतत. नकाशावर नागपूर व कलकत्ता पट्टीने जोडून पाहावे. रेघ भंडारा शहराच्या जवळजवळ डोक्यावरून जाते.

अंधारात वाट कशी सापडे? त्या पिढीच्या विमानांचा मोठा आधार म्हणजे रेडिओ बीकन. जमिनीवरील हे केंद्र सर्व दिशांना सारख्याच लहरी सोडते व मोर्स लिपीत आपली खूण सांगत राहते. विमानातील वेटोळ्याची एरियल लहरींची दिशा हुडकते आणि सुई बीकनकडे वळते. अशी बीकने रेघांनी जोडली की झाली हवाई वाट.

मग सुई नाकासमोर ठेवली की पोहोचलोच, असे वाटेल. नवखा येथेच फसतो. वैनगंगेला ओढ असताना कारध्याहून भंडाऱ्याकडे येणारा डोंगा घ्या. नावाड्याने नाक सतत समोरच्या घाटावर रोखले तर डोंगा खाली वाहत जातो, वाकडी वाट काढतो आणि शेवटी प्रवाहाशी झुंजत घाटाला लागतो. जाणता नावाडी आधीच नाक वरच्या अंगाला धरतो. वैमानिकाचेही तसेच. डाकोटा विमान ताशी २८० किलोमीटर वेगाने भंडाऱ्याहून नागपूरचे साठ किलोमीटर सुमारे १३ मिनिटांत कापील. आडवा वारा ताशी ५० किलोमीटर असेल आणि नाकाची दिशा कायम राहिली, तर तेवढ्यात ते ११ किलोमीटर बाजूला जाईल. म्हणून नाक सुमारे १० अंश वाऱ्याकडे वळवावे लागते. सुई तेवढीच तिरपी दिसते, आणि तेच बरोबर असते!

व्हीओआर हे नंतरचे साधन अधिक अचूक खरे. पण त्याच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात, क्षितिजाआड पोचत नाहीत. बीकनच्या लांब लहरी जमीन धरून वाहतात, म्हणून खालून उडणाऱ्यांना त्या सोयीच्या. आता उपग्रहांमुळे बीकने जगभर बंद होत चालली आहेत.

त्यांचे दोष मात्र विलक्षण. रात्री आकाशातून परावर्तित झालेल्या लहरी मिसळून सुई डळमळते. जवळ वीज कडाडली तर ती ढगाकडेच वळते. बीकन बंद पडले तरी यंत्रावर कोणतीही धोक्याची खूण उमटत नाही. म्हणून वैमानिक कानाला मोर्सची ती टकटक सतत लावून ठेवी.