नाताळच्या गोठ्यातील दिव्यांचे गणित

डिसेंबर लागला की वसईच्या वाड्यांतून, मुंबईत आणि गोव्यात नाताळचा गोठा उभारण्याची धांदल सुरू होते. गव्हाणीभोवती मुले एक लहानसे गावच वसवतात. पुठ्ठ्याची घरे, विहीर, पेंढ्याची छपरे, पेरलेल्या धान्याच्या अंकुरांची हिरवी शेते आणि सर्वांच्या वर एक चांदणी! इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली असा देखावा मांडला, तेव्हा उजेडाला मेणबत्त्या आणि मशाली होत्या. पुढे १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातील नाताळच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले. आज आपल्या गोठ्यातही वीज आली आहे. पण ती नीट आवरली नाही, तर नेमके नाताळच्या आदल्या रात्री सारे गाव काळोखात बुडते. कधी कधी याहून वाईटही घडते.

बारीक बल्बांची जुनी माळ तुम्ही पाहिली असेल. तिच्यातला एक बल्ब सुमारे ६ व्होल्टचा. मग तो २३० व्होल्टवर जळून का जात नाही? कारण असे ३८ बल्ब एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडणीत असतात आणि २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. आता यांतला एक बल्ब काढला तर काय होईल? मंडल तुटेल आणि सगळी माळ विझेल. माळ विझली म्हणजे वीज गेली, असे आपल्याला वाटते. पण त्या रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांमध्ये आता पूर्ण २३० व्होल्टचा दाब असतो! गोठ्यातली माती ओली, शेतावर पाणी शिंपडलेले आणि हात ओलसर. अशा जागी ही माळ नकोच.

त्याऐवजी १२ व्होल्ट एकदिश प्रवाह देणारा, दुकानात तयार मिळणारा चांगला अ‍ॅडॅप्टर घ्या आणि एलईडी वापरा. अ‍ॅडॅप्टर उघडू नका. त्याला गोठ्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवा.

आता थोडे गणित करू. पांढऱ्या एलईडीला पेटण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि तिच्यातून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देऊ नये. तीन एलईडी एकसर जोडल्या तर ९ व्होल्ट खर्च होतात. उरलेले ३ व्होल्ट रोधाने घ्यायचे. २२० ओहमचा रोध घेतला तर ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह ३ ÷ २२०, म्हणजे सुमारे १३.६ मिलिअँपिअर येतो. उजेड पुरेसा पडतो आणि एलईडीही सुरक्षित राहते. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा, हे विसरू नका.

तुम्ही विचाराल, चार एलईडी जोडल्या तर १२ व्होल्ट बरोबर वाटले जातील, मग रोध हवाच कशाला? इथेच गंमत आहे. एलईडीवरील दाब जरासा वाढला तरी तिच्यातून जाणारा प्रवाह भराभर वाढतो. त्याला लगाम घालणारा रोध नसेल, तर अ‍ॅडॅप्टरच्या दाबातील थोडासा फरकही एलईडीला महागात पडतो.

अशा सहा माळा केल्या की १८ दिवे झाले. या सहा माळा मात्र एकमेकींशी समांतर जोडायच्या. म्हणजे एक माळ बिघडली तरी बाकीच्या पाच चालू राहतील. एकूण प्रवाह सुमारे ८२ मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम १ वॉट! प्रत्येक एलईडीला वेगळा ६८० ओहमचा रोध देऊन १८ दिवे समांतर जोडले असते, तर जवळजवळ ३ वॉट लागले असते आणि त्यांतील तीन चतुर्थांश वीज रोधांच्या उष्णतेत गेली असती. घरांच्या माळांना एक बटण, रस्त्यावरच्या माळांना दुसरे आणि चांदणीच्या माळेला तिसरे लावा. गाव तुमच्या हुकमतीत आले!

आता चांदणी मंद कशी करावी? दाब निम्मा केला तर उजेड निम्मा होईल? करून पाहा. दीड व्होल्टचे चार सेल एकसर जोडून ६ व्होल्ट मिळवा आणि ते एका माळेला द्या. माळ निम्मी उजळत नाही, ती पेटतच नाही! प्रत्येक एलईडीच्या वाट्याला २ व्होल्ट आले आणि तेवढ्यात तिचे काम भागत नाही.

मग उपाय काय? ५५५ क्रमांकाची आयसी आणा. खाच डावीकडे धरली की खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ५ ते ८ असे पाय मोजावेत. पाय ८ आणि ४ धन टोकाला व पाय १ ऋण टोकाला जोडा. ८ व ७ यांमध्ये १ किलोओहमचा, तर ७ व ६ यांमध्ये ६८ किलोओहमचा रोध लावा. ६ आणि २ एकत्र जोडा. २ व १ यांमध्ये १० मायक्रोफॅरडचे धारित्र बसवा, त्याचे धन टोक पाय २ कडे. आता चांदणीच्या माळेचे धन टोक १२ व्होल्टला आणि ऋण टोक पाय ३ ला द्या. चांदणी सेकंदाला सुमारे एकदा लुकलुकू लागेल.

आता अ‍ॅडॅप्टर बंद करून १० ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावा. ते शंभरपट लहान, म्हणून लुकलुकणे शंभरपट जलद होते. चांदणी सेकंदाला सुमारे १०५ वेळा पेटते आणि विझते. डोळ्यांना इतक्या जलद बदलाचा मागोवा घेता येत नाही. त्यामुळे उजेड स्थिर, पण पहिल्यापेक्षा मंद दिसतो, कारण निम्मा वेळ माळ विझलेलीच असते. खात्री करायची आहे? अंधारात चांदणीसमोर पेन्सिल जोराने हलवा. एकाऐवजी अनेक पेन्सिली दिसतील!

शेवटी एक महत्त्वाची सूचना. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या, तर बारीक तार तापून पेंढा पेटू शकतो. म्हणून प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा, अ‍ॅडॅप्टरजवळ धन तारेत पाव अँपिअरचा फ्यूज घाला आणि झोपण्यापूर्वी मुख्य बटण बंद करा. पहिल्यांदा जोडणी करताना घरातील एखाद्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा.

यंदा नाताळच्या आदल्या रात्री शेजारच्या गोठ्यात काळोख झाला, तर आपली वही घेऊन तिकडे जा. तुमच्या गणिताची खरी परीक्षा तिथेच होईल.